मापाची बॅटरी

भागूचं पत्र आषाढात आलं होतं. पोपटलालनी ते दोनदा वाचलं, हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं आणि पुस्तकच मिटून वरच्या फळीवर ठेवून दिलं. आता भाद्रपद सरत आला, तरी पत्र तिथंच.

जुन्नरच्या पेठेत त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते वाचत बसत, आणि असलं तरी फारसं बोलत नसत. फोनवर तर 'हां, हां' यापलीकडे काही निघत नसे. हे ठाऊक असल्यामुळंच तळेघरच्या भागूनं पत्र लिहिलं होतं. 'शेट, तुमच्याकडची बॅटरी वर्षात बसली. माझी फोर बाय फोर दगडगोट्यांतून वस्त्यांवर जाते. टिकंल अशी कोणती घालू? सुनेचे, अश्विनीचे, दसऱ्याला दिवस भरतात. गाडी एका चावीत उठली पाहिजे.'

बॅटरी विकली त्याच दिवशी पोपटलालना उत्तर माहीत होतं. तिकडची माणसं बॅटरी उचलून बघतात. हाताला जड लागली की चांगली. भागूनं तशीच ट्रॅक्टरची मोठी बॅटरी पसंत केली. ती जीपमधल्या बॅटरीच्या ट्रेमध्ये बसेना, वरून पकडून ठेवणारा क्लॅम्प लागेना. मग त्यानं ती ट्यूबच्या पट्टीनं आवळली.

"आता हलत न्हाई. बराबर हाय ना, शेट?"

खडकाळ वाटेवर ती हलणार, हादऱ्यांनी आतल्या प्लेटा झडणार, हे पोपटलालना दिसत होतं. पण समोरच्याला तोंडावर चूक म्हणणं जिवावर आलं. ते म्हणाले, "हां, हां."

आता खरं कळवायचं, तर तेही लिहावं लागणार होतं.

सोमवारी भागूचा शेजारी सावळेराम दुकानात डोकावला. निमगाव सावाला बहिणीकडं आला होता, आता गावी परत निघाला होता.

"भागूची गाडी?" पोपटलालनी चाचरत विचारलं.

"उतारावर उभी असती. सकाळी आमी चौघं ढकलतो. तालमीत जायाची गरज उरली न्हाई."

पोपटलाल हसले नाहीत.

"पर रविवारी घोडेगावहून नवी आणतोय. आधीपेक्षा बी मोठी. औंदा दोन ट्यूबा आवळणार म्हणतो."

"मोठी?"

"मी म्हटलं, शेटला इचार की. तर म्हणतो, कवाच इचारलंय. शेट गप हायेत, म्हंजे मागचंच बराबर व्हतं. एवढा वाचणारा माणूस, चुकत असतं तर बोलला नसता का, राव?"

पोपटलालना फळीवरच्या पुस्तकाकडं बघवेना.

"काय निरोप असंल तर द्या," सावळेराम म्हणाला.

निरोप सोपा होता. पण सावळेरामनं 'बारकी घे' म्हटलं तर भागू त्यालाच वेड्यात काढणार, आणि आपलं 'हां, हां' आयतंच झाकलेलं राहणार.

"त्याला म्हणावं, काही घेऊ नको. माझं पत्र येतंय, ते आधी वाच."

"लई बोललात आज," म्हणून सावळेराम एसटी गाठायला पळाला. आता सुटका नव्हती.

पोपटलालनी पुस्तक खाली काढलं. दोन कागद नुसत्या 'क्षमस्व'नं भरले, ते त्यांनी फाडले. मग सरळ लिहिलं:

'भागूभाऊ, बॅटरी ट्रेमध्ये चपखल बसेल त्याच मापाची घ्या. वजन बघू नका. खराब रस्त्यावर हादरे सोसणारी मागा. वर क्लॅम्प लावून नट आवळा आणि हातानं जोर लावून बघा. गाडी हलली तर हलू द्या, बॅटरी हलता कामा नये. मागची टिकणार नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही विचारलंत, मी हो म्हणालो. तुमच्या पत्रालाही उत्तर दिलं नाही. सूनबाईंना घेऊन गाडी अडली तर त्याचं कारण मी असेन. रविवारी घोडेगावला मी येतो. ट्रेचं माप तेवढं आणा.'

समोरासमोर बोलावं लागणार, म्हणून शेवटची दोन वाक्यं खोडावीत असं त्यांना फार वाटलं. पाकीट चिकटवूनच टाकलं, म्हणजे खोडता येणार नाही.

पोस्टात खिडकीशी ते उगाच घुटमळले.

"आज निघेल ना?"

"निघंल की, शेट. थैली अजून बांधायचीय."

त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि खिडकीतून हात काढून घेतला.