तिघांत थोर कोण, हे मला ठाऊक आहे

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्या फळ्या सुटल्या आहेत, दांडीला वाळवी लागली आहे आणि कोंबड्या माझ्यात अंडी घालतात, हे सगळे खरे. पण एके काळी सोलापूरबाहेरच्या माळावर मी आले की लोक दोन्ही हातांनी पागोटी धरायचे, कारण माझ्या वाऱ्याने ती उडायची. मी शर्यतीची बैलगाडी आहे. जुनी आहे आणि बिचारीही आहे. जुनी का, ते दिसतेच. बिचारी का, ते सांगते.

मला रामहरी सुताराने घडवले. त्याने निवडलेली बाभळ इतकी चिवट होती की करवतीचे सगळे दात पडले आणि शेवटी रामहरीने ती नुसत्या शिव्यांनी कापली. लोहाराने चाकांवर लोखंडी धाव चढवली. तापलेल्या धावेवर पाणी ओतताच अशी वाफ उठली की तिचा ढग झाला आणि माढ्याला जाऊन पडला. माढ्याचे लोक हे कबूल करत नाहीत. पावसाच्या बाबतीत ते कधीच काही कबूल करत नाहीत.

दोन चाकांना जोडणारा जो लाकडी कणा असतो ना, तो रामहरीने मन लावून तासला. "ही गाडी बोलंल बगा," असे तो म्हणाला, आणि मी खरेच बोलू लागले. कोरडी असले की चाक जरा फिरताच माझा कणा 'कुर्रर्र' करायचा. मनात नसेल तेव्हा मी दम धरून गप्पही राहायचे. त्यातूनच माळावर एक चाल पडली. पंचांचे एकमत झाले नाही की माझा कौल लावायचा. नाव घ्यायचे आणि मला चाकभर पुढे ढकलायचे. कणा बोलला तर होकार, नाही बोलला तर नकार. हसू नका. माझ्या कौलावर दोन लग्ने जमली आहेत आणि दोन्ही बरी चालली आहेत.

माझ्यावर तीन नामी गाडीवान बसले.

पहिला हरिबा. त्याच्या वेळी रस्ता असा नव्हताच. काळी माती आणि धोंडे. हरिबा उभ्याने हाकायचा. एकदा तो इतक्या जोरात आला की त्याची सावली माळावरच राहिली. दिवस मावळताना ती चालत घरी आली आणि धापा टाकत ओसरीवर बसली, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेवटचा शिवयोगी, अक्कलकोटकडचा. त्याच्या वेळी रस्त्यावर खडी दाबलेली, बैल सरकीच्या पेंडीवर पोसलेले. पुढे त्याने लोखंडी कण्याची नवी गाडी केली, पण पहिली शर्यत मारली ती माझ्यावरच. हात चांगला होता त्याचा. उगीच नावे ठेवणार नाही.

आणि मधला कोंडीबा.

कोंडीबाचे काय झाले, मित्रांनो, की त्याचा हात भरात आला आणि शर्यतीच बंद पडल्या. आधी प्लेग. मग मानमोडीचा ताप, ज्यात घरेच्या घरे उठली. मग चाऱ्याविना लोकांनी बैल विकले. माळावर पुन्हा गाड्या सुटू लागल्या तोवर कोंडीबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्याने मारलेल्या शर्यती हाताच्या बोटांवर मावतील, आणि एक दोन बोटे मोकळीही राहतील.

पण त्याने जी एक गाडी हाकली, ती मी सांगते.

मानमोडीच्या साथीत त्याची बायको सारजाबाई मंगळवेढ्याला माहेरी होती. निरोप आला तसा कोंडीबा मला घेऊन धावला. तिला उचलून माझ्यात ठेवले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. सोलापूरचा सरकारी दवाखाना गाठायचा होता. कोंबडा आरवला आणि आम्ही निघालो. रस्त्याला चिटपाखरू नाही. माणसे तापाच्या भीतीने गावे सोडून रानात झोपड्या घालून राहिलेली. त्या साली पाऊस नव्हता, म्हणून भीमेला गुडघाभरच पाणी. आम्ही ते अशा झपाट्याने ओलांडले की माझी चाके ओली व्हायला पाण्याला सवडच मिळाली नाही.

आता गंमत ऐका. कोंडीबाने चाबूक उचलला नाही. चढ आला की खाली उडी मारून बैलांबरोबर पळायचा. सपाटी आली की वर चढून आपल्या दोन्ही पायांत बायकोचे डोके धरून ठेवायचा, म्हणजे हिसका त्याला बसावा, तिला नाही. तिच्या उशाला पाण्याचा तांब्या होता. त्यातले पाणी सांडले नाही. जोरात हाकणारे मी दोन पाहिले. जोरात आणि हळुवार एकाच वेळी हाकणारा एकच. लोक न्याहारीला बसायच्या आत आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. पुढे बैल मेले, डॉक्टर बदलून गेला. हे सगळे पाहणारी मी एकटी उरले.

आता छत्तीस सालच्या जत्रेकडे येते. शर्यतीआधी मला गोठ्यातून काढून मानाने माळावर उभी करत, आणि सगळ्यांत थोर गाडीवानाच्या नावाने माझ्या चाकावर नारळ फोडत. हा नारळ हरिबाच्या नावाने फुटत आला होता. त्या साली मात्र शिवयोगीच्या लोकांनी अडवून धरले.

जत्रेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, कोंडीबा गोठ्यात आला. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून चाचपत आला. माझ्या चाकावर हात फिरवून म्हणाला, "म्हातारे, लई कोरडी पडलीस की गं. उद्या चारचौघांत कण्हत जाशील, बरं दिसतं व्हय ते?" आणि त्याने घरून आणलेले एरंडेल माझ्या कण्याला घातले. चिंधीने आतपर्यंत चोळले. इतक्या वर्षांत मला कुणी असे माणसाने माणसाला चोळावे तसे तेल घातले नव्हते. मला फार बरे वाटले. इतके बरे वाटले की मी विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर भांडण लागले. माझे मालक आबासाहेब पंच म्हणून घोंगडीवर बसले होते. हरिबाचा मुलगा ज्ञानबा नारळ हातात घेऊन उभा, जणू तो नारळ त्याच्या घरचाच.

"माज्या बाच्या येळंला रस्ता व्हता का?" ज्ञानबा ओरडला. "धोंड्यावरनं हाकायचा त्यो. ह्या शिवयोगीला त्या धोंड्यावर हाकू द्या, मग बगू."

शिवयोगीचा अक्कलकोटचा मामा पोट सावरत पुढे आला. "अण्णा, तुमच्या बापाच्या येळंला गाड्या किती सुटायच्या? दोन! त्यातली एक वाटंतच मोडायची. आमच्या पोरानं ईस गाड्या मागं टाकल्यात."

"ईस भिकार गाड्या!"

"भिकार? तुमचीबी होती की त्यात!"

माळ हसला. शिवयोगी स्वतः मान खाली घालून बैलांच्या गळ्यातली घुंगरे सारखी करत होता. तेवढ्यात सारजाबाई पदर खोचून पुढे आली. कोंडीबा तिला मागे ओढत होता.

"आबासाब, तिसरं नाव बी घ्या. माज्या घरधन्याचं."

"वैनी," आबासाहेब म्हणाले, "कोंडीबाचा हात चांगला, कोण न्हाय म्हणतंय? पर त्यानं मारलं काय, ते सांगा."

"मंगळवेड्याहून सोलापूर मारलं! न्याहारीच्या आत!"

"पायलं कुणी?"

"मी व्हते की गाडीत!"

"तुमी तापानं बेसुद. तुमीच सांगता न्हवं, की डोळं उगडलं तवा वर दवाखान्याचं छप्पर दिसलं?"

सारजाबाईला खोटे बोलता आले असते, पण ती बोलली नाही. तिने माझ्याकडे बोट केले. "मग हिला इचारा. ही व्हती सुदीवर."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बराबर हाय. कौल लावू. तिनी नावं लावू. गाडी बोलंल त्योच थोर, मग कुणी तोंड उगडायचं न्हाय."

मित्रांनो, मला आनंदाने नाचावेसे वाटले. आजवर किती भांडणे माझ्यासमोर झाली, माझ्यावर बसून झाली, पण कुणी मला या बाबतीत विचारले नव्हते. मी मनाशी ठरवले, हरिबाच्या नावाला गप्प राहायचे, शिवयोगीच्या नावाला गप्प राहायचे, आणि कोंडीबाच्या नावाला असे ओरडायचे की मंगळवेढ्याला ऐकू जावे.

"हरिबा!" आबासाहेब म्हणाले. दोघांनी जू उचलून मला ढकलले. मी गप्प राहिले. ज्ञानबाचा चेहरा पडला.

"कोंडीबा!"

मी सगळी ताकद कण्यात आणली. चाक फिरले. आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तसे ते फिरले. आवाज नाही. मी पुन्हा जोर केला. धाव तापवताना जेवढे सोसले होते तेवढे सोसून जोर केला. एरंडेल आतपर्यंत पोचले होते. ज्या हातांनी ते घातले, ते हात दोन पावलांवर धोतराला पुसले जात होते. मला ओरडायचे होते, "अरे, तेल आहे रे मला, तेल!" पण तेल आहे म्हणूनच तर ते ओरडता येत नव्हते.

सारजाबाईने नवऱ्याकडे पाहिले. तिला वास आला असावा. "तुमी काल हिला तेल घातलं जणू? सांगा की मग त्यास्नी!"

"गप बस," कोंडीबा हळूच म्हणाला. "तेल समद्यांच्याच नावाला हाय. माज्या एकट्याच्या न्हाय. आता सांगितलं तर रडीचा डाव वाटंल."

"शिवयोगी!" आबासाहेबांनी नाव घेतले.

मी निश्चिंत होते. ज्या कण्याने प्रेमाच्या माणसाला हाक मारली नाही, तो दुसऱ्याला काय मारणार? पण त्याच वेळी तो मामा, भाच्याचे नाव कानावर पडताच, उत्साहाने माझ्या मागच्या फळीवर रेलला. अक्कलकोटचे ते सगळे तूप त्या फळीवर आले. फळी म्हणाली, 'कर्रर्र!'

"बोलली! बोलली!" माळावर टोप्या उडाल्या. नारळ फुटला. त्याचे पाणी माझ्या चाकावरून खाली ओघळले.

मित्रांनो, ती फळी होती. मी नव्हते. फळीच्या आवाजाला कौल कुठे म्हणतात का? पण हे सांगणार कोण? आणि कशाने?

लोक शिवयोगीला खांद्यावर घेऊन गेले. माझ्याजवळ दोघेच उरले. सारजाबाई चिडून म्हणाली, "तेलाचं सांगितलं असतं तर परत लावला असता कौल. तोंडाला काय झालं व्हतं तुमच्या?"

कोंडीबाने माझ्या चाकावर हात ठेवला. "सारजे, मी सवता तेल घातलंय हिला. तेल घातलेली गाडी बोलत न्हाय, हे माज्यापरीस कुणाला ठावं? तरीबी त्या पोराच्या नावाला बोलली. म्हंजी कौल खराच म्हनायचा." त्याने चाकावरचे नारळाचे पाणी पुसले. "त्या दिवशी मी लई जोरात हाकली, असं मला आपलं वाटत व्हतं. नसंल हाकली. वाट बी म्हनावी तेवडी लांब नसंल. माणसाला येतंय असं वाटाय."

मी ऐकत होते. माझ्या एका फळीने त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी शर्यत त्याच्याकडून काढून घेतली, आणि तो ती मुकाट्याने देऊन टाकत होता.

"व्हय?" सारजाबाई म्हणाली. "मग मी जिती कशी हाय? तेबी मला आपलं वाटतंय व्हय?"

कोंडीबाने हात पुढे केला, तिने तो धरला, आणि ती त्याला धोंडे चुकवत, हळूहळू, गर्दीच्या बाजूबाजूने घेऊन गेली. तो काही थोर गाडीवान आहे, असे त्या गर्दीत कुणाच्या मनातही आले नाही.

तेव्हापासून मी आबासाहेबांच्या गोठ्यात आहे. कोंडीबा जत्रेला येत नाही. शिवयोगी भला माणूस, तो दर सणाला मला हळदकुंकू पाठवतो, त्याने मला आणखीच लाज वाटते. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तुम्हाला सगळेच सांगत असतील. मीही सांगते. पण नुसते तेल घालून मोकळे होऊ नका. एखादी कुरकुरते तेव्हा तिला काही म्हणायचे असेल, एवढा संशय तरी घ्या. घटकाभर कान द्या.

उन्हाळा आला की माझा कणा पुन्हा कोरडा पडतो. गोठा झाडायला गडी मला जरा पुढे ढकलतो. मी सगळा जीव गोळा करून कोंडीबाचे नाव घ्यायला लागते, 'कों...' एवढे उमटतेही. मग आतून आबासाहेब कळवळून हाक देतात, "आरं, बिचारी गाडी कण्हतीया, तेल घाला की तिला!"

आणि गडी तेलाची बुधली घेऊन येतो.