गोडादऱ्याचे पहिले सासरे

मी बॅनर बोलतोय. गोडादऱ्याच्या चार रस्त्यावर एक दोरी लिंबाला, एक विजेच्या खांबाला, असा लटकून मी पुष्कळ माना वर करायला लावल्या. पण मला वाचलं फार थोड्यांनी. माणसं बॅनर वाचत नाहीत. आपला फोटो त्यात आहे का ते शोधतात, नसला की ज्याचा आहे त्याला नावं ठेवतात आणि चहाच्या लारीकडे, म्हणजे हातगाडीकडे, वळतात.

माझा जन्म लिंबायतला, भटूच्या दुकानात. दुकान म्हणजे एक शटर, एक छपाईचं मशीन आणि फक्त भटूकडे तोंड करून फिरणारा एक पंखा. माझी भावंडं कुणाच्या वाढदिवसाला गेली, कुणाच्या श्रद्धांजलीला. कधी कधी दोन्ही बॅनर एकाच माणसाचे असतात. भटू फोटो तोच ठेवतो, खालचा मजकूर बदलतो.

एके दुपारी चंचल दुकानात आली. हातातला हिरवा चुडा अजून उतरलेला नव्हता. बोलणं इतकं हळू, की भटूने स्वतःचा पंखा बंद केला.

"काय टाकायचं, ताई?"

"सासऱ्यांचा फोटो. मोठा."

"किती मोठा?"

तिने दोन्ही हात पसरले. तेवढं पुरेसं वाटलं नाही, म्हणून एक पाऊल मागे सरकली.

"आणि बाजूला सिंह."

"सिंह आहे," भटू म्हणाला. त्याच्याकडे एकच सिंह होता. पुढारी, पैलवान, व्यायामशाळा, सगळ्यांच्या मागे तोच उभा राहायचा.

मग तिने मजकूर सांगितला आणि भटूने टाइप केला: 'सिंहसेवेसाठी आपल्या सुनेला थेट आफ्रिकेत पाठवणारे गोडादऱ्याचे पहिले सासरे, सन्माननीय श्री. सुपडूभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल असं, 'सौ. चंचल योगेंद्र'.

"तुमचा फोटो?"

"नको."

"पण ताई, आफ्रिकेला जाणार कोण?"

"मी."

भटूने मान खाजवली. "बरं. शुभेच्छुक कोण लिहू?"

"समस्त मित्रपरिवार."

"कोणते मित्र?"

"बॅनर लागला की होतील."

असा मी जन्मलो. माझ्या जन्माचं कारण मला नंतर समोरच्या गॅलरीतून तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. ते आता सांगून टाकतो.

चंचल जनावरांची नर्स. कामरेजच्या पुढे जनावरांचा एक दवाखाना आहे, तिथं ती बैलांना इंजेक्शनं द्यायची, कुत्र्यांना टाके घालायची. आफ्रिकेत एक अभयारण्य आहे. सर्कशींतून आणि हौशी श्रीमंतांच्या अंगणांतून सोडवलेले सिंह, बिबटे, चित्ते तिथं राहतात, कारण जंगलात जगणं ते विसरलेत. त्यांची देखभाल करायला जगभरातून स्वयंसेवक जातात. पगार नाही. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. लग्नाआधीच चंचलने अर्ज केला होता आणि तिची निवडही झाली होती.

बघायला आलेल्या पाहुण्यांना तिने हे पोह्यांसोबतच सांगून टाकलं. "लग्नानंतर मला तीन महिने जायचंय."

"बघू," सासरे म्हणाले.

'बघू' ही मराठी घरातली मोठी सोयीची चीज आहे. मुलीकडच्यांना ती होकारासारखी ऐकू येते, मुलाकडचे ती नकारासारखी वापरतात, आणि खोटं कोणीच बोललेलं नसतं. लग्न झालं, सत्यनारायण झाला, गावाकडचा कुळाचार झाला, आणि 'बघू' तिथंच बसून राहिलं. अखेर अभयारण्याने विचारलं, या आठवड्यात हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. चंचलने घरात विषय काढला. सुपडूभाऊ पेपरमागून म्हणाले, "बघू." नवरा योगेंद्र म्हणाला, "मी बोलतो आप्पांशी," आणि आत जाऊन क्रिकेटचा स्कोअर विचारून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी चंचल भटूकडे गेली.

भटूच्या माणसाने मला सकाळी सकाळी बांधलं. सुपडूभाऊंचं घर समोरच, पहिल्या मजल्यावर. ते बनियनवर, तोंडात दातवण घालून गॅलरीत आले आणि स्वतःलाच समोर बघून जागच्या जागी थांबले. दातवण चावायचं विसरले. मग बनियनवरच खाली उतरले आणि माझ्याखाली उभं राहून मला मोठ्यांदा वाचलं. 'पहिले सासरे' हे दोन शब्द दोनदा वाचले.

"कोनी लावं रे हाई?" त्यांनी लारीवरच्या पोरांना विचारलं.

"काय आप्पा! आमच्यापुढं तरी नाटक नको," एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

पोरांना वाटलं, आप्पांनीच लावला. आप्पांना वाटलं, पोरांनी लावला आणि लाजताहेत. अशा गैरसमजात फार गोडी असते, तो कोणालाच दूर करावासा वाटत नाही. सुपडूभाऊ घरात गेले आणि कडक पांढरा शर्ट घालून परत आले.

एरवी ते कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे कारागिरांवर देखरेख करणारे. पण मनातून अध्यक्ष. कारखान्यांतल्या कामासाठी गाव सोडून इथं आलेल्या खान्देशी समाजाचं एक मंडळ आहे, श्रावणात कानबाईचा उत्सव तेच करतं. त्याचं अध्यक्षपद कायम दगाभाऊंकडे. निवडीची बैठक तोंडावर आली होती. हे सुनेला ठाऊक होतं. गप्प माणसाला घरातलं पुष्कळ ठाऊक असतं.

दहाच्या सुमारास स्वतः दगाभाऊ माझ्याखाली येऊन उभे राहिले. "काय सुपडूभाऊ, गुपचूप? आम्हाला पत्ता नाही!"

"आम्ही बोलत नाही, दगाभाऊ. करतो."

"सुनेला एकटीला पाठवताय?"

"सून कुठली? लेक आहे ती माझी. आणि सिंह म्हणजे देवीचं वाहन. सेवेला नाही कसं म्हणायचं?"

दुपारपर्यंत लारीवर गोष्ट वाढली होती. "पोरगी घाबरत होती," सुपडूभाऊ सांगत होते. "मीच म्हटलं, जा! सासरा आहे मागं!" वर गॅलरीत चंचल उशीचे अभ्रे वाळत घालत होती. एक अभ्रा तिने जरा जास्तच झटकला. मग मोबाईल काढला आणि अभयारण्याला कळवलं, येते.

संध्याकाळी योगेंद्र कामावरून आला. गॅलरीत तिच्याशेजारी उभा राहून त्याने मला शेवटपर्यंत वाचलं.

"तूच केलंस ना हे?"

"आप्पा किती छान दिसतायत. मी कशाला काही करू?"

"चंचल."

"हं."

"सिंह लिंबायतच्या पैलवानांचा आहे."

"दुकानात तोच होता."

योगेंद्र हसला. नंतर खाली येऊन त्याने कोणाला दिसणार नाही अशा बेताने माझी एक सैल झालेली गाठ आवळली. हा मुलगा बोलायला कच्चा, पण गाठीला पक्का. तेव्हापासून माझा त्याच्यावर जीव.

पण दगाभाऊ काही उगाच इतकी वर्षं अध्यक्ष नव्हते. बैठकीच्या आदल्या दिवशी लारीवर भरपूर माणसं जमलेली बघून त्यांनी विचारलं, "सुपडूभाऊ, एक शंका. तिथं सिंहांना खायला काय घालतात?"

सुपडूभाऊंच्या डोक्यात अभयारण्य म्हणजे गोशाळाच होती, फक्त हंबरण्याच्या जागी डरकाळी. "दूध-भात असेल," ते म्हणाले. "नाहीतर पोळ्या."

"सूनबाईंनाच विचारू की," दगाभाऊ म्हणाले आणि मान वर करून गॅलरीकडे बघून ओरडले, "सूनबाई! सिंहाला जेवायला काय?"

चंचल पुढे आली. तिने एकदा खाली बघितलं. खोटं बोलायला जागा होती, वेळही होता.

"मांस," ती म्हणाली. "मेलेल्या गाढवांचं, घोड्यांचं. सकाळी आम्हीच कापायचं असतं."

सुपडूभाऊ माळकरी. त्यांच्या घरात अंड्याचं नाव काढायचं झालं तर 'ते पांढरं' म्हणतात. त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला.

"अरेरे," दगाभाऊ म्हणाले. इतका आनंदी अरेरे मी दुसरा ऐकला नाही.

सुपडूभाऊ तरातरा जिना चढले. "जानं नही. संपलं! योग्या, शिडी लाव. बॅनर काढ."

योगेंद्रने शिडी लावली. किती हळू लावली म्हणून सांगू! शिडी लावायला माणसाला इतका वेळ लागू शकतो, हे मला तेव्हा कळलं. तरी शेवटी एक दोरी सुटलीच. मी लिंबाच्या बाजूला तिरका लोंबलो. सन्माननीय सुपडूभाऊ डोकं खाली, सिंहाचे पाय वर. लारीवरचे सगळे बघत होते. गॅलरीत चंचल उभी होती. रडत नव्हती, माझी सुटलेली दोरी बघत होती.

तेव्हा माझ्यासमोर उषाबाई बोलल्या. चंचलच्या सासूबाई. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी फक्त भाजीवाल्याशी ऐकला होता.

"काढ रे, काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि दगाभाऊंना पेढेही देऊन ये."

"तू मधी बोलू नको," सुपडूभाऊ म्हणाले.

"मधी कुठं? मी कडेलाच आहे, लग्न झाल्यापासून. मलाही नर्स व्हायचं होतं. तुमच्या आईला विचारलं, तर म्हणाल्या, देखू." त्यांनी पदर खोचला. "अजून देखी ऱ्हायनू मी."

सुपडूभाऊंनी बायकोकडे बघितलं. हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, की ऐकून पेपर उलटला होता, ते त्यांनाच ठाऊक.

"पण माळेचं काय?" ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"आप्पा," चंचल म्हणाली, "माळ तुमच्या गळ्यात आहे. सिंहाच्या नाही."

सुपडूभाऊ तिच्याकडे वळले. शिडीवरचा योगेंद्रही.

"काय म्हणालीस? परत सांग."

तिने परत सांगितलं. सुपडूभाऊंचे ओठ हलले. पाठ करत होते. मग त्यांनी आत जाऊन केस विंचरले, जिना उतरून लारीपाशी आले आणि छाती काढून म्हणाले, "दगाभाऊ! माळ माझ्या गळ्यात आहे. सिंहाच्या नाही!"

"वा आप्पा, वा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली. टाळ्या विरायच्या आत योगेंद्रने माझी दोरी पुन्हा बांधली होती. या खेपेला त्याला अजिबात वेळ लागला नाही.

अध्यक्षपद मात्र दगाभाऊंकडेच राहिलं. त्यांनी बैठकीच्या सकाळी माझ्यापेक्षा दीडपट मोठा बॅनर लावला. पण हरल्यावर सुनेला थांबवलं तर लोक म्हणतील, पदासाठीच पाठवत होता. म्हणून सुपडूभाऊंना निरोपसमारंभ ठरला होता त्याहून मोठा करावा लागला. ढोल आला. हार आले, ते सगळे सुपडूभाऊंच्या गळ्यात. माळ दिसेनाशी झाली. त्यांच्याबरोबर फोटो काढायला माणसं माझ्याखाली रांगेत उभी राहिली. त्या गडबडीत योगेंद्रने बॅग रिक्षात ठेवली, चंचल उषाबाईंच्या पाया पडली, आणि उषाबाईंनी तिला उठवून अशी घट्ट धरली की रिक्षावाल्यालाच हॉर्न वाजवावा लागला. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. फोटो चालूच होते.

सध्या मी गच्चीवर असतो. चार रस्त्यावरून मला उषाबाईंनी काढून आणवलं आणि पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत आडवा ताणला. तोंड वर, पाठ खाली. सुपडूभाऊ दिवसभर आभाळाकडे बघत हसतात, त्यांना कावळ्यांची सोबत आहे. खाली माझ्या सावलीत दुपारी गल्लीतल्या बायका जमतात, कारण त्या वेळी चंचलचा व्हिडिओ कॉल येतो.

काल तिने जाळीपलीकडून एक म्हातारा सिंह दाखवला. सर्कशीतला, दात पडलेला. त्याच्यासाठी मांस बारीक कापावं लागतं. "हात लावायची परवानगी नाही आम्हाला," ती सांगत होती. "नुसतं करायचं आणि बाजूला व्हायचं." तिचे गमबूट चिखलाने भरलेले, कपाळावर रक्ताचा की मातीचा डाग, आणि आवाज असा मोकळा की मला आधी ओळखूच आला नाही. बायका 'हो का', 'अगंबाई' म्हणत होत्या. सिंहाने जांभई दिली, तरी कोणी फारशी हलली नाही.

तेवढ्यात तिच्या मागे एक उंच गोरा पुरुष दिसला. बाह्या वर करून तो सगळ्यांच्या जेवणाची भांडी घासत होता.

"थांब थांब!" एक बाई ओरडली. "तो कोण? भांडी कोण घासतंय?"

"इथं सगळ्यांच्या पाळ्या असतात, काकू. आज त्याची."

सगळ्या एकदम पुढे सरकल्या. उषाबाईंच्या हातातला मोबाईल चार हातांनी धरला.

"अगं, सिंह बाजूला कर," उषाबाई म्हणाल्या. "त्याला नीट दाखव आधी."

कॉल संपला तरी त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मीही ताणून धरलं होतं स्वतःला. वाऱ्याने एक कोपरा फडफडतो आहे, फार दिवस टिकेन असं नाही. तेव्हा जाता जाता एवढंच सांगतो. पुढच्या वेळी आमच्यापैकी कोणाला छापून घ्याल, तर फोटो खुशाल हवा तेवढा मोठा टाका. फक्त कापड चांगल्यातलं घ्या. चौकातलं काम चार दिवसांचं असतं. खरं काम त्यानंतर, कोणाच्या तरी डोक्यावर सावली धरण्याचं.