खांद्यासाठी निवड समिती

वहिनीचा खांदा आखडला तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "व्यायाम सांगतोय तो करा. आयुर्वेदिक मसाज घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त माणूस शिकलेला बघा." वहिनीने त्यातला व्यायाम ऐकला. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, फक्त 'माणूस बघा' ऐकलं.

दादा भरती खात्यातून निवृत्त झालाय. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला घाम फोडणे हे त्याने उभी हयात केलेलं काम. कारकून, ड्रायव्हर, इंजिनियर, सगळे त्याच्या तावडीतून गेलेले. निवृत्तीनंतर मुलाखत घ्यायला भाजीवाला तेवढा उरला होता, आणि त्यानेही आमच्या गल्लीत यायचं बंद केलं होतं. अशा वेळी बायकोचा खांदा आखडला, म्हणजे त्याचं नशीबच उघडलं.

"निवड पद्धतशीर झाली पाहिजे," असं म्हणून त्याने समिती नेमली. अध्यक्ष तो स्वतः. तज्ज्ञ सदस्य त्याचा साडू, कारण त्याने मोबाइलवर मालिशचे बरेच व्हिडिओ पाहिले होते. महिला प्रतिनिधी मी, कारण मी वरच्याच मजल्यावर राहते. महिला प्रतिनिधीने चहा करायचा असतो, हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. जिचा खांदा, ती समितीत नव्हती.

"ती लाभार्थी आहे," दादा म्हणाला. "लाभार्थ्याला समितीत घेत नसतात."

लाभार्थी शाळेत भूमिती शिकवते. हात वर जाईना, म्हणून ती सगळे त्रिकोण फळ्याच्या खालच्या अर्ध्यात कोंबायची. मागच्या बाकांवरची मुलं बघायला उभी राहायची, आणि एकदा उभी राहिली की खाली बसायचं नाव घ्यायची नाहीत. मुख्याध्यापिकांनी अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "सहामाहीनंतर वरचा वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ या का?" वहिनीचा जीव त्या वर्गात आहे. मला हे सांगताना तिचा चेहरा एवढासा झाला होता.

जाहिरात दिली, उमेदवार येऊ लागले. सोफा भिंतीला सरकवून हॉलच्या मधोमध टेबल आलं. एकाच्या कार्डावर नावापेक्षा पदव्यांनाच जागा जास्त लागली होती. त्या कुठून मिळवल्या असं विचारल्यावर म्हणाला, "ऑनलाइन, सर. कोर्स छोटा आहे, पण फार सखोल." एका बाईंकडे एकच तेल होतं. ते गुडघ्याला चालायचं, केसांना चालायचं आणि नवऱ्याच्या स्वभावालाही गुण द्यायचं. ते घ्यावं असं माझ्या मनात आलं होतं.

मग एक निळी सॅक घेतलेली बाई आली. रीतसर शिकलेली, एका वैद्यांच्या दवाखान्यात काम करणारी. तिने प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

"शाळेत," मी म्हणाले.

"त्यांचे रिपोर्ट बघायला मिळतील? शुगर वगैरे आहे का? आणि हात किती वर जातो?"

दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, इथे प्रश्न आम्ही विचारतो."

"विचारा की. पण त्यांच्या खांद्याला हात मी लावणार आहे. माहिती नसताना कशी लावू?"

ती गेल्यावर दादा म्हणाला, "शिक्षण चांगलं आहे, पण मुलाखतीत कसं वागावं ते कळत नाही. उमेदवाराने समितीची मुलाखत घ्यायची म्हणजे काय!" साडूने मान डोलावली. ती नापास झाली.

यानंतर प्रात्यक्षिकं सुरू झाली. कागदावर कोणीही हुशार असतो, हात बघायला हवा, हे दादाचं म्हणणं. परक्या बाईकडून अंग चोळून घेणं त्याला बरं वाटेना, म्हणून प्रात्यक्षिकाला फक्त पुरुषांना बोलावलं.

"अरे, मसाज वहिनीला करायचाय ना?" मी म्हणाले.

"ती पुढची पायरी. आधी हाताचा दर्जा तर ठरू दे."

दर्जा ठरवायला दादा पालथा पडला. मग साडू पडला. दोघांचं मत जुळलं नाही की तोच उमेदवार पुन्हा यायचा, आणि त्यांचं मत सहसा जुळायचं नाही. साडूची वर्षानुवर्षं धरलेली मान सुटली. दादा जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढू लागला. सोफा, उशा, दाराच्या कड्या, सगळं तेलकट झालं. वहिनी शाळेतून दमून यायची आणि बऱ्या हाताने हॉलची फरशी पुसायची. मला तर त्या दोघांच्या चकचकीत पाठी बघून संताप यायचा.

शेवटी एक आडदांड माणूस एकमताने निवडला गेला. दादाने वहिनीला बाहेर बोलावलं आणि मोठ्या थाटात म्हणाला, "हा घे तुझा माणूस. यात खोट काढून दाखव."

त्या माणसाने हात जोडले. "साहेब, मी बायकांना मसाज करत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. मला वाटलं, तुमचंच दुखतंय."

साडू सोफ्यावर घोरत होता, त्याने हे ऐकलं नाही. दादाने घसा साफ केला. "हरकत नाही. पुन्हा जाहिरात देऊ."

"नको," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मला त्या सॅकवाल्या बाईंचा नंबर दे. सहामाही तोंडावर आलीय गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाई आली. मनात काही धरून ठेवलेलं दिसलं नाही. दादा सवयीने टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसला. तिने रिपोर्ट वाचले आणि तारीख बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढे दिवस काय करत होतात?"

मी दादाकडे बघितलं.

"सहामाहीपर्यंत हात वर जाईल का?" वहिनीने विचारलं.

"खोटं नाही सांगत, ताई. थोडं आधी बोलावलं असतंत तर जास्त खात्रीने सांगितलं असतं. आता बघू." तिने रिपोर्ट मिटले. "इथे लिहिलंय, पण मी नेहमी तोंडून विचारून घेते. कोणता खांदा?"

वहिनी तोंड उघडणार एवढ्यात दादाने उत्तर दिलं. "उजवा."

अध्यक्षाच्या आवाजात, अगदी ठामपणे.

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. ती डाव्या हाताने लिहिते. डाव्या हाताने भाजी चिरते. लग्न झाल्यापासून त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं तिने डाव्या हातानेच शिवलीत, बहुतेक वेळा त्याच्यासमोर बसून.

"डावा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाचं चुकलेलं उत्तर वर्गात दुरुस्त करावं, तसं म्हणाली.

दादा खुर्चीतून उठला. कुठे जावं हे त्याला सुचेना, म्हणून तो टेबलाला धरून तसाच उभा राहिला.