सात नंबरच्या विहिरीचा श्वास

रुमाल वर उचलला गेला आणि रांगेतून कुजबुज सरकत गेली. मनगटाएवढ्या लोखंडी नळीच्या तोंडावर धरलेला पांढरा रुमाल फुगून तरंगत होता, आणि आसपास झाडाचं पानही हलत नव्हतं. वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत तीनशे माणसं उन्हात उभी होती.

"धरणी श्वास सोडते आहे," श्वासबाबा सांगत होते. "निर्मळ मनाला ती देते, मळक्या मनाकडून ओढून घेते. गोळी पोटात जाते, इनहेलर छातीत जातो, हा श्वास थेट प्राणात जातो. या, तोंड लावा."

हे श्वासबाबा गेल्या वर्षापर्यंत दारोदार गाद्या विकत होते. तेव्हा लोकांना झोपवायला त्यांना गादी लागायची, आता नुसत्या बोलण्यावर भागत होतं.

आणि ती नळी माझी. म्हणजे भूजल खात्याची, निरीक्षण विहीर क्रमांक सात. ही पाणी काढायची विहीर नव्हे, मोजायची. दर पंधरा दिवसांनी झाकणाचं कुलूप काढायचं, फीत आत सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते वहीत लिहायचं, हे माझं नऊ वर्षांचं काम. आज आले तर कुलूप कापलेलं, आणि रांगेत माझी धाकटी बहीण, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. पोरीचे खांदे श्वासागणिक वर जात होते. छातीतली शिट्टी मला दोन हातांवरून ऐकू आली.

"हिचा इनहेलर कुठाय?"

"जमा केला, ताई. टोकन घेताना करावाच लागतो. औषध जवळ ठेवलं म्हणजे श्रद्धा कच्ची."

नळीशेजारी एक खोका होता. त्यात गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, इनहेलर यांचा नुसता खच पडला होता.

"अगं, हिला धाप लागलीय."

"काल संध्याकाळी रुमाल आत ओढला गेला. बाबा म्हणाले, पोरीचं काही नाही, आईच्याच मनात शंका आहे." तिचे डोळे सुजले होते. "आज दुपारचा नंबर दिलाय. आज तू मध्ये पडू नकोस."

काल संध्याकाळी आत, आज दुपारी बाहेर. ते वेळापत्रक माझंच होतं, माझ्या वहीतलं. उन्हाळ्यात हा गादीवाला नळीपाशी सावलीला बसायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, यातून वारं कसं येतं हो?" नऊ वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी हुरळून गेले. सगळं समजावलं, वही उघडून शेऱ्याचा रकानासुद्धा दाखवला, ज्यात वारं 'आत' की 'बाहेर' ते मी वेळेसकट लिहायचे. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या होत्या मी.

घड्याळात सव्वादोन झाले होते. चारपर्यंत नळी फुंकतच राहणार होती, आणि ती उलटायची वाट बघण्याएवढा वेळ पोरीकडे नव्हता. मी पुढे घुसले.

"बाबा, माझा रुमाल धरते."

"मॅडम सरकारी आहेत," ते गर्दीला म्हणाले. "यांना पाणी दिसतं, प्राण दिसत नाही."

लोक हसले.

"म्हणजे माझं मन मळकं. शंका तर गळ्यापर्यंत आहे. तेव्हा माझा रुमाल आत जायला हवा."

मी रुमाल धरला. तो फुगून वर आला. हसणं थांबलं.

"धरणी दयाळू आहे," बाबा म्हणाले.

"मग संध्याकाळी सहाला तुम्ही स्वतः धरा. तुमच्याइतकं निर्मळ कोण?"

"संध्याकाळी माझं मौन असतं."

"काल तर सातपर्यंत बोलत होतात," रांगेतला पोस्टमन म्हणाला.

मी पिशवीतून पाण्याच्या नमुन्यांच्या दोन कोरड्या बरण्या काढल्या. एक नळीवर उपडी धरली, साठ आकडे मोजले, झाकण लावलं. दुसरीत साधी हवाच होती. साध्या बरणीत पेटती काडी सोडली, ती जळत राहिली. नळीवरच्या बरणीत सोडली, ती पाण्यात बुडवल्यासारखी विझली.

"ही खडकात कोंडलेली हवा आहे," मी बहिणीला म्हणाले. "तिच्यातला प्राणवायू मातीतल्या जिवांनी कधीच संपवलाय. काडी जगत नाही त्यात. तू लेकीला तोंड लावायला आणलंयस."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने सरळ खोका उलटा केला. जमिनीवर पडलेल्या ढिगात हात घालून ती शोधत राहिली, आणि सशाचं चित्र चिकटवलेला इनहेलर सापडल्यावर तिथेच मातीत बसली. एक फवारा, मग दुसरा. पोरीचे खांदे हळूहळू खाली आले. तोवर आणखी माणसं ढिगाभोवती वाकली होती, आपापली औषधं ओळखत. बाबा मागच्या फाटकातून कधी सटकले ते कुणाला कळलंही नाही.

मग मी वही उघडून वाचून दाखवली. हवेला वजन असतं. रोज सकाळी दहाच्या सुमारास ते जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. नळी चाळीस मीटर कोरड्या, भेगाळ खडकातून जाते, वरून चिकणमातीचं बूच. बाहेरची हवा हलकी होत जाते तेव्हा आतली बाहेर येते, जड होत जाते तेव्हा बाहेरची आत शिरते. वादळी हवेत वेळा चुकतात.

"म्हणून गेल्या मंगळवारी ढग आले तर बाबांची सुट्टी," पोस्टमन म्हणाला.

सहा वाजता पन्नासएक माणसं थांबली होती. भाचीनेच रुमाल धरला. तो नळीच्या तोंडाला चिकटून आत खेचला गेला. ती आपल्या आईकडे वळून म्हणाली, "तुझी शंका नव्हती, आई. सहा वाजले होते." बहीण तेव्हा रडली.

शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी 'आत' हा शब्द भाचीच्या अक्षरात आहे. नवं कुलूप लावलंय आणि शेजारी वेळांची पाटीही. चमत्कार दिसला की घड्याळ बघा, दुसऱ्या वेळी पुन्हा करायला सांगा, आणि औषध कुणाकडेही जमा करू नका, एवढंच तुम्हाला सांगणं आहे. स्वतःला मात्र आणखी एक सांगते. नऊ वर्षं मला जे माहीत होतं, ते मी एकाच माणसाला सांगितलं. चारचौघांना सांगितलं असतं, तर त्याला ते विकता आलं नसतं.