चिनी गुलाबाचा वाफा

बाग ही माणसाच्या चारित्र्याची परीक्षा असते, असं शिवलिंगप्पा हत्तुरे यांनी गिरणीच्या ऑफिसात चारचौघांत जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या दारात बाग म्हणून जी काही होती, ती डालड्याच्या डब्यातली एक कोरफड. आणि ती शेजारणीची होती.

हे वाक्य नेमकं गिरणीचे मॅनेजर हिंदुराव साहेब यांच्या कानावर पडलं. साहेब फुलवेडे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिवलिंगप्पांना बोलावून हातावर एक पुडी ठेवली.

"चिनी गुलाबाचं बी आहे. पुण्याहून आणवलंय. तुम्ही लावा. वैशाखात फुलं बघायला येईन."

त्याच टेबलावर शिवलिंगप्पांना हेडक्लार्क करण्याचा कागद महिनाभर सहीवाचून पडला होता. शिवलिंगप्पांनी एकदा पुडीकडं पाहिलं, एकदा कागदाकडं, आणि पुडी खिशात घातली.

बी म्हणजे काळी भुकटीच. त्यांनी ते वाळूत कालवलं आणि शिंक येऊन सगळी बढती उडून जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधून पेरलं. वाफ्याला पाणी हवं, म्हणून घरातल्या आंघोळी निम्म्यावर आल्या. दुपारी जेवायला येत, ते आधी वाफ्यापुढं उकिडवे बसत, मग पाटावर.

आठव्या दिवशी उगवलं. पंधरवड्यात दिसायला लागलं, की रोपं दोन तऱ्हेची आहेत. काही लाल देठाची, जाड पानांची, गुबगुबीत. काही सुईसारख्या पानांची, किरटी. शिवलिंगप्पांनी किरटी गवत समजून एकूण एक उपटली. चारित्र्याचा प्रश्न होता, दयामाया करून चालणार नव्हतं.

त्यांची बायको गुरम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, ही तर घोळीची भाजी हाय की!"

"पुण्याचं बी आहे ते!"

"मग पुण्याची घोळ आसंल."

त्या दिवसापासून शिवलिंगप्पांना जेवण जाईना. वैशाखातल्या एका शनिवारी साहेबांचा निरोप आला, उद्या नऊला येतो. शिवलिंगप्पा तडक बागेत गेले, म्युनिसिपालिटीच्या. तिथं चिनी गुलाब भरभरून फुलला होता.

"पान असं सुईसारखं असतं व्हय याचं?" त्यांनी माळ्याला विचारलं.

"मग काय भाकरीएवढं आसतंय?"

रविवारी त्यांनी ताप आणायचा प्रयत्न केला. थर्मामीटरनं दाद दिली नाही. नऊच्या ठोक्याला हिंदुराव साहेब वाफ्यापाशी उभे राहिले.

"साहेब," शिवलिंगप्पा म्हणाले, "गुलाब मी माझ्या हातानं उपटला. ही घोळ आहे."

साहेब खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. शिवलिंगप्पांनी मनातल्या मनात हेडक्लार्कच्या खुर्चीला नमस्कार करून घेतला.

"मीही दोन वर्षं गुलाब उपटून घोळच वाढवतोय," साहेब हळूच म्हणाले. "घरी सांगितलं, बी खराब निघालं. तुमच्याकडं गुलाब फुलला असता, शिवलिंगप्पा, तर मला फार जड गेलं असतं. तुमच्या कागदावर उद्या सही करतो."

शिवलिंगप्पांना हसावं की पाया पडावं, कळेना. फाटकापर्यंत जाऊन साहेब परत फिरले.

"भाजीपुरते शेंडे तेवढे खुडून द्या. मुगाची डाळ घरी आहे."