चिंधी बांधलेली हंडी

मी एक जुनी तांब्याची हंडी आहे, आणि मला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यात रस्सा रटरटतो. वरच्या मजल्याच्या तळाला भोकं आहेत. तिथे त्याच रस्स्याच्या वाफेवर कुसकुसचे, म्हणजे गव्हाच्या रव्याचे, दाणे फुलतात. दोन्ही मजले जिथे भेटतात तिथून वाफ निसटू नये म्हणून पिठाच्या खळीत बुडवलेली एक चिंधी बांधतात. मित्रांनो, ही चिंधी लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिनेच घातला.

कॉन्स्टंटिन शहराच्या तांबटआळीत माझा जन्म झाला. हातोडीचे घाव सोसले, पोटात कल्हईची चांदी उतरली, आणि यामना नावाच्या नवरीच्या रुखवतात बसून मी दूर तोल्गाला, खजुराच्या बागांच्या गावी गेले. यामनाचा नवरा लखदर जेवताना म्हणायचा, "हंडी लहान आहे, पण हिच्या पोटात माया मोठी." मी लाजून तांबडी व्हायचे. तशी मी होतेच म्हणा.

मग पोरं झाली, पाहुणे वाढले. बाजारातून ॲल्युमिनियमची मोठी हंडी आली आणि मी कपाटावर चढले. कल्हई उडाली, अंगावर हिरवट डाग आले. यामना माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवू लागली. शुक्रवारी स्वयंपाकघरातून कुसकुसचा वास आला, की मी चिमट्यांना समजवायचे, "थांबा, बोलावतील."

बोलावलं खरं, पण वेगळ्याच कारणाने. यामनाची थोरली लेक रुफैदा औषधशास्त्र शिकायला कॉन्स्टंटिनला गेली होती. वसतिगृहाच्या खाणावळीतली रांग लांब आणि हिचा स्वभाव घाईचा. बिस्किटं, तळलेले बटाटे, गोड सरबताची बाटली, की झालं जेवण. एक दिवस प्रयोगशाळेत ती उभ्याउभ्या कोसळली. रक्त कमी आहे, डॉक्टर म्हणाले. लखदर जाऊन तिला घरी घेऊन आला.

"शिक्षण गेलं उडत. मला माझी लेक हवी," तो म्हणाला.

"बाबा, एकदा संधी द्या ना," रुफैदा रडवेली झाली.

"देतो. वसंतातल्या सुट्टीला मी गाडी घेऊन येईन. तुझ्या गालांवर रंग दिसला तर राहा. नाही दिसला तर सामान गाडीत."

यामनाने मला कपाटावरून खाली काढलं. तिने चिमटे ओतून दिले आणि मला कल्हईवाल्याकडे नेलं.

वसतिगृहात मला बघून रुफैदाच्या खोलीतली शहिनाज पोट धरून हसली. "अगं बाई, रुखवत घेऊन आलीस! नवरा मागच्या बसने येतोय का?"

"येईल तेव्हा येईल. तू आधी गाजरं सोल."

मित्रांनो, आमचा स्वयंपाक फार सोपा होता. सकाळी तासाला जाताना रुफैदा रिकाम्या बाटलीत हरभरे भिजत घालायची. संध्याकाळी ते माझ्या खालच्या मजल्यात पडायचे. कधी हरभऱ्यांऐवजी मसूर. सोबत लसूण, पालक, जिरं आणि ऑलिव्हचं थोडं तेल. वरच्या मजल्यात गाजरं, भोपळा आणि दोन अंडी. एका विजेच्या शेगडीवर सगळं जेवण! लिंबू मात्र ताटात पिळायचं, माझ्यात नाही. आंबटाने माझी कल्हई जाते. हळूहळू रुफैदाचे ओठ गुलाबी होऊ लागले.

खरं तर खोलीत शेगडी लावायला मनाई होती. पण चिंधी घट्ट बांधली, की वास दाराबाहेर फारसा जात नसे. एके दिवशी रुफैदाने पांघरुणं झटकली, गादी उलटली, चिंधी काही सापडेना. भूक तर लागलेली. "आजच्या दिवस तशीच शिजू दे," ती म्हणाली. वाफ सुटली, आणि जिऱ्याचा वास जिन्यावरून थेट झुलीखाच्या नाकात शिरला. झुलीखा वसतिगृहाची देखरेख करायची. मुली तिला खालती म्हणत, म्हणजे मावशी.

"कोण ग ती? माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले!" असं म्हणत ती आत आली, आणि शेगडी दिसताच तिचा चेहरा बदलला. "पलीकडच्या इमारतीत अशाच शेगडीने गादी पेटली होती, विसरलात?"

रुफैदाने घाईने शेगडी बंद केली. पण आमच्याकडे रीत आहे, ज्याच्या नाकात वास गेला त्याला घास दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. तिने वाटी भरली. "खालती, आधी चार घास खा. मग रागवा."

खालतीने उभ्यानेच वाटी संपवली. "चव आईच्या हातची आहे ग. पण चिंधी कुठाय? निम्मी वाफ जिन्यात आणि गाजर कच्चं!"

तेवढ्यात शहिनाज दारात आली. नुकतीच न्हाली होती, आणि ओले केस तिने माझ्या चिंधीने बांधले होते. "खालती... ती माझ्या डोक्यावर आहे."

"डोक्यात पण तेच भरलंय तुझ्या!" खालती कडाडली. "चव चवीच्या जागी, नियम नियमाच्या." आणि शेगडीसकट मला उचलून तिने कोठीत नेलं.

कोठीत जप्त केलेल्या किटल्या होत्या, इस्त्र्या होत्या. पुन्हा माझ्या पोटात अंधार. दाराच्या फटीतून मला रुफैदा जाता-येता दिसायची. तिच्या हातात परत बिस्किटांचा पुडा. सुट्टी जवळ आली तसा तिचा चेहरा उतरत गेला. एकदा ती कठडा धरून जिना चढताना मध्येच बसली. खालतीने ते पाहिलं. ती कोठीची किल्ली घेऊन आली.

"ऊठ, पोरी. खाली आमची चहाची खोली आहे. तिथे गॅस आहे, खिडकी आहे, आणि मी आहे. वर शेगडी नाही म्हणजे नाही. पण उपाशी राहा असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

"खालती, बाबा मला न्यायला येणार आहेत."

"मग रडतेस काय? मसूर निवड."

त्या दिवसापासून मी रोज गॅसवर चढू लागले. वासामागून आणखी मुली आल्या. कुणी कांदा आणला, कुणी पालक. चिंधी बांधायचं काम शहिनाजने मागून घेतलं. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देईना.

आणि लखदरची गाडी आली. खजुराचं खोकं खांद्यावर घेऊन तो चहाच्या खोलीत शिरला आणि लेकीच्या गालांकडे बघत राहिला. रंग अजून पुरता परतला नव्हता. मलाही दिसत होतं ते. रुफैदाने मान खाली घातली आणि वाटी पुढे केली.

त्याने एक घास घेतला. मग माझ्याकडे वळून माझ्या अंगावरच्या हातोडीच्या खुणांवरून बोट फिरवलं. "ही यामनाची?"

"हो बाबा. आता रोज चढते."

तो खाली बसला. पावाने वाटी पुसून खाल्ली, आणखी मागितली. मुली दाराशी गोळा झाल्या. शेवटी शहिनाजला राहवेना. "काका, सामान गाडीत ठेवायचं का?"

"ठेवायचं," लखदर म्हणाला. उठून त्याने सगळा खजूर टेबलावर ओतला आणि रिकामं खोकं तिच्या हातात दिलं. "हे ठेव गाडीत. पुन्हा भरून आणायला लागेल. एवढ्या पोरी आहेत म्हणून कुणी सांगितलं नाही मला."

गाडी गेली. रुफैदा राहिली. माझी चिंधी मात्र त्या दिवशी तिला डोळे पुसायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर माझ्यासारखी कुणी बसली असेल, तर तिला खाली काढा, कल्हई लावा, आणि शिकायला दूर जाल तेव्हा पुस्तकांशेजारी तिलाही जागा द्या. सकाळी निघताना मूठभर कडधान्य भिजत घाला. आणि शिजवताना एक वाटी जास्तच शिजवा. जिन्यात वास जातोच. कुणीतरी कठडा धरून बसलेलं असतं.