येळवशीचा सांधा

नळदुर्ग ओलांडून हायवे सोडला की आत एक उघडा माळ लागतो. तिथं एकशेदहा मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला आणि मुरूमचा बलभीम मुकादम पंचक्रोशीत 'मनोरेवाले' झाला. एसटीत जागा करून द्यायचे लोक, लग्नाच्या पंगतीत आग्रहानं पुढं बसवायचे. त्याला ते गोडही वाटायचं. या पावसाळ्यापासून मात्र कुणी 'मनोरेवाले' म्हटलं की तो घाईनं दुसराच विषय काढायचा.

सोमवारी उद्घाटन होतं. पहिल्या दिवशी शाळांची तीनशे मुलं वर जाणार होती. त्याआधी गुरुवारीच वनमालाबाई त्यांचा सातवीचा वर्ग घेऊन माळावर आल्या.

"मुकादम, सोमवारी ही पोरं ओरडत वर जातील आणि ओरडत खाली येतील. हा उभा कसा राहिला, ते आज सांगा त्यांना."

"बाई, म्या काय मास्तर हाय व्हय?"

"पोरांना कळेल असं बोलता ना? मग झालात मास्तर."

मुलं सावलीला बसली. सावली मनोऱ्याचीच होती, लांबच लांब, रांगोळीच्या रेघेसारखी. मुलं त्या रेघेत एकामागं एक बसलेली पाहून बलभीमला हसू आलं आणि त्याची जीभ सुटली. खाली काळा खडक लागेपर्यंत कसं खोदलं, त्यावर विहिरीएवढा रुंद काँक्रीटचा थाळा कसा घातला, ते त्यानं सांगितलं. मग हातातल्या काठीनं मातीत दोन गोल काढले, एकात एक.

"ह्या दोन बांगड्या समजा. पत्र्याच्या. ह्यो आमचा साचा. मधल्या फटीत सळ्या आन काँक्रीट. खालून जॅक ह्या बांगड्या वर ढकलतात, तासाला चार बोटं. साचा वर सरकला की खालचं काँक्रीट उघडं पडतं, तवर ते घट्ट झालेलं असतं. दिवस न्हाय, रात्र न्हाय, साचा थांबत न्हाय."

"मग तुम्ही झोपत कधी होता?" एका मुलीनं विचारलं.

"आमी झोपायचो पाळीपाळीनं. मनोरा जागाच."

मुलं हसली. वर लिफ्ट जाते, जिना जातो, शंभर मीटरवर गोल सज्जा आहे, सज्ज्यात एके ठिकाणी पायाखाली काच आहे, हे ऐकताना त्यांचे डोळे मोठे झाले. दुर्बिणीतून किल्ला दिसेल, बोरी नदीचं पाणी दिसेल, ढाब्यापुढचे ट्रक काड्यापेट्यांसारखे दिसतील.

"थांबत न्हाय म्हनलो, पर अवसेला थांबतो," तो म्हणाला. "अवसेला गवंडी थापीला हात लावत न्हाय. मग दुसऱ्या दिवशी जुन्यावर नवं वतायचं, तर मधी सांधा येतो. आता नीट ऐका. काँक्रीट थांबलं की वर पांढरा पातळ थर येतो. दूध तापवून ठेवलं की काय येतं?"

"साय!"

"तशीच. काँक्रीटची साय. तारेच्या ब्रशानं ती खरवडायची, पाण्यानं धुवायची, मगच नवं वतायचं. न्हायतर जुनं नव्याला धरत न्हाय."

वनमालाबाईंना धडा पक्का करून घ्यायची सवय. त्यांनी हात वर केला. "काय काढायची?"

"साय!"

"आणि राहिली तर?"

"पडेल!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि स्वतःच्याच आवाजाला खदखदून हसला.

बलभीम हसला नाही. "पाणी प्या पोरांनो," एवढंच म्हणाला आणि काठी तिथंच टाकून जिन्याकडं वळला.

साच्याचं काम सुरू झालं होतं ते गेल्या वर्षीची दिवाळी सरल्यावर. कार्तिकातली अवस आली तेव्हा साचा तीस मीटरवर होता. तो सांधा बलभीमनं इतका घासून घेतला होता की त्याच्या हाताखालचा गवंडी सिदू म्हणाला होता, "मुकादम, आता काय आरसा करता का त्याचा?" पुढची अवस मात्र मार्गशीर्षातली, वेळ अमावस्या. आपली येळवस. त्या दिवशी या भागात गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात असतात. रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा, मग मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठभर ताकाची आंबील. इंजिनीअर देवश्रीमॅडम नाशिककडच्या. त्यांना कुणी येळवशीचं सांगितलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काँक्रीटच्या गाड्या बोलावून ठेवल्या. अकरापैकी पाचच गडी आले, तेही डुलत, आंबिलीच्या सुस्तीत. साचा सत्त्याऐंशी मीटरवर. वर बोचरा वारा. बलभीमनं स्वतः ब्रश घेतला. पूर्वेकडची अर्धी गोलाई झाली आणि खालून मॅडमचा फोन आला.

"मुकादम, गाडीतलं काँक्रीट घट्ट होत चाललंय. साय काढली का?"

अर्धी काढली होती. तो म्हणाला, "व्हय."

त्या एका शब्दाला आता वर्ष होत आलं होतं.

चारशे ऐंशीव्या पायरीवर तो थांबला. छातीचा भाता झाला होता. पश्चिमेच्या भिंतीवर दोनच आठवड्यांपूर्वी पिवळा रंग दिला होता, तरी कमरेच्या उंचीवर एक आडवी ओलसर रेघ फुटलीच होती. नखानं रंग खरवडला. खालून पांढरा लोणा, ओलीनं सुटलेला क्षार, निघाला. पावसाळाभर पाणी आत मुरलं होतं.

"मुकादम!" सिदू धापा टाकत वर आला. त्यानं रेघेकडं पाहिलं, मग बलभीमकडं. "हितं कशाला आलाव? अजून एक हात मारू रंगाचा."

"सिदू, साय ऱ्हायलीय हितं."

"ठाव हाय मला. म्या बी हुतो की. पर आतून सळ्या गेल्यात न्हवं? एवढ्यानं काय पडतोय व्हय?"

"सोमवारी न्हाय पडायचा. वारा आला की ह्यो डुलतो. डुलला की एका अंगाला दाब, दुसऱ्या अंगाला ओढ. ओढीनं सांधा जरा उघडतो, पाणी शिरतं, सळी गंजती. धा वर्सं, पंधरा वर्सं. तवा कोन आसंल वर?"

"तवा तुमी तर नसताव," सिदू म्हणाला. हसायला म्हणून बोलला होता, पण बलभीम त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. मग सिदूच खालच्या आवाजात म्हणाला, "सोलापूरचं काम आलंय आपल्याला. धा घरं चालत्यात तुमच्या नावावर. नका बोलू, मुकादम."

बलभीम तडक पायऱ्या उतरू लागला.

देवश्रीमॅडम पत्र्याच्या खोलीत निमंत्रणांची यादी बघत होत्या. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. पायरी सांगितली, बाजू सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुकादम, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हनलो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून सांध्यांचं रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "मी वर चढून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर सही केली."

उद्घाटन रद्द झालं. शनिवारी बलभीमनं गेरूनं भिंतीवर खूण केली आणि तिथं ड्रिल लावलं. मशीननं भिंतीतून मनगटाएवढा काँक्रीटचा दांडा कापून बाहेर काढला. अख्खा निघायला हवा होता. दोन तुकडे निघाले. तुटल्या जागी कुठं खरबरीत नव्हतं, सुरीनं कापल्यासारखं गुळगुळीत आणि पांढरं.

सांध्यात दाबानं सिमेंट भरायचं, बाहेरून पोलादी पट्टा आवळायचा, मग पुन्हा तपासायचं. सहा महिने तरी लागतील, असं तज्ज्ञ सांगून गेले. देवश्रीमॅडमची चौकशी लागली. सोलापूरचं काम गेलं. सिदू टपरीवर पाठ फिरवून बसला.

सोमवारी, मुलं वर जायची त्या दिवशी, बलभीम पिशवीत ते दोन तुकडे घेऊन शाळेत गेला. वनमालाबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि फळ्यापुढची जागा सोडली.

"मनोरा बंद का झाला, ते सांगाया आलोय," तो म्हणाला.

झोपायचं विचारणारी मुलगी पहिल्याच बाकावर होती. तिनं तुकडे हातात घेतले आणि एकावर एक ठेवले. ते बरोबर बसले, फट दिसेना. तिनं हात काढला, तसा वरचा तुकडा सरकून बाकावर पडला. तिच्या बोटांना पांढरं पीठ लागलं होतं. ती ते निरखत राहिली.

"ही साय?"

"व्हय."

"कुणी ठेवली?"

बलभीमनं बाकावर पडलेला तुकडा उचलला.

"म्या," बलभीम म्हणाला.